कोयता कसा मोजायचा? समाजशास्त्रातले आकडे आणि अनुभव, सोप्या भाषेत

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला. एक दिवस कामावर आलं नाही की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात, तेही कोयत्याचे. पहाटे अंधारात उठून फडात नवऱ्याच्या बरोबरीने ऊस तोडणारी, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी बाई मुकादमाच्या वहीत वेगळी दिसतच नाही. एकटा गडी असेल तर तो ‘अर्धा कोयता’.

२०१९ मध्ये याच बायकांबद्दल एक बातमी देशभर गेली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याचं प्रमाण भयंकर आहे, अशी ती बातमी होती. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे जवळपास १७ टक्के, साधारण दर सहा जणींमागे एक.

बातमी वाचून माझ्या ओळखीच्या अनेकांनी तीन प्रश्न विचारले. हे खरं आहे का? मोजलं कुणी आणि कसं? आणि बायका असं करतात तरी का? मी पदव्युत्तर वर्गाला संशोधनपद्धती शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला मी हेच तीन प्रश्न फळ्यावर लिहिते, कारण आमचा सगळा विषय या तीन प्रश्नांत आहे. आता जनगणना तोंडावर आली आहे, माणसं मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि त्यात जातही नोंदवली जाणार आहे. पुढची काही वर्षं आकड्यांवरून खूप वाद होतील. आकडा येतो कुठून, हे तेव्हा सगळ्यांनाच ठाऊक असलेलं बरं.

दूध डेअरी आणि धार काढणारी

संशोधनाच्या दोन मोठ्या पद्धती आहेत. संख्यात्मक संशोधन म्हणजे ठरलेले प्रश्न पुष्कळ लोकांना सारख्याच रीतीने विचारायचे, उत्तरं आकड्यांत मांडायची आणि त्यातून चित्र उभं करायचं. गुणात्मक संशोधन म्हणजे थोड्या लोकांबरोबर जास्त वेळ घालवायचा, मोकळ्या मुलाखती घ्यायच्या, त्यांच्यात राहून पाहायचं आणि ते स्वतःच्या आयुष्याचा अर्थ कसा लावतात हे समजून घ्यायचं.

‘गुणात्मक’ हा शब्द मला फारसा पटत नाही. दर्जेदार ते गुणात्मक आणि उरलेलं कमी दर्जाचं, असं काही विद्यार्थ्यांना वाटतं. इथे गुण म्हणजे मार्क नव्हेत आणि दर्जाही नव्हे. गुण म्हणजे गोष्टीचा स्वभाव.

गावातल्या दूध डेअरीचं उदाहरण घ्या. सकाळी दूध घातलं की मशीन फॅट सांगतं. गेल्या आठवड्यात ६.८ होती, आज ६.१ लागली. शंभर म्हशींचं दूध आलं तर शंभर आकडे मिळतात, तुलना करता येते, भाव ठरवता येतो. फॅट का उतरली, हे मात्र मशीनला सांगता येत नाही. ते धार काढणारीला माहीत असतं. कडबा संपला, उसाचं वाढं घालायला लागलो, रेडकू दगावलं, परवा म्हैस रात्रभर पावसात उभी होती. आता तिच्या एका म्हशीवरून सगळ्या गावाच्या दुधाचा भाव ठरवता येणार नाही, हेही तितकंच खरं. डेअरीच्या चेअरमनला गावातलं दूध सुधारायचं असेल तर त्याला मशीनही लागेल आणि गोठ्यातही जावं लागेल.

शितावरून भाताची परीक्षा

‘दोनशे लोकांना विचारून अख्ख्या जिल्ह्याचं कसं सांगता?’ हा आक्षेप सर्वांत जुना. याचं उत्तर आपल्या म्हणीतच आहे. भात शिजला का हे पाहायला आपण पातेलं रिकामं करत नाही, दोन शितं चिमटीत दाबून बघतो. या शितांना संशोधनात नमुना म्हणतात. पातेलं घरचं असो की लग्नाचं, शितं साधारण तेवढीच पुरतात. म्हणूनच एका तालुक्यासाठी आणि सगळ्या राज्यासाठी लागणाऱ्या नमुन्यात वाटतो तेवढा फरक नसतो. नीट निवडलेल्या हजार लोकांकडून आलेला टक्केवारीचा आकडा साधारण तीन टक्के इकडेतिकडे धरून चालतो.

पण शितं वरवरची उचलली तर फसगत होते. वरचा भात कच्चा आणि तळचा लागलेला, हे कुणाच्या घरी झालेलं नाही? म्हणून नमुना चिठ्ठ्या टाकल्यासारखा निवडायचा, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी मिळते. रस्त्याकडेची घरं, ओळखीची माणसं, आपणहून बोलायला आलेले लोक, एवढ्यांवरच थांबायचं नाही.

बीडचंच पाहा. समितीच्या आकड्याआधी २०० बायकांच्या एका लहान पाहणीतला ३६ टक्क्यांचा आकडा गाजला होता. पुढे मोठ्या पाहणीत १७ आला. मग आधीचे लोक खोटं बोलले का? घाईने तसं म्हणू नये. आकडेमोड करून बघू. २०० जणींचा नमुना अगदी चिठ्ठ्या टाकून निवडला असता तरी योगायोगाने आकडा सात टक्के इकडेतिकडे झाला असता. म्हणजे खरं उत्तर २९ ते ४३ च्या मध्ये कुठेतरी असायला हवं. १७ त्यात बसत नाही. एवढा फरक नुसत्या योगायोगाने पडत नाही, शितं पातेल्यातल्या वेगळ्या जागेवरून उचललेली असणार. ज्या गावांत त्रास जास्त तिथे कार्यकर्ते आधी पोचतात, ज्यांना त्रास झाला त्या आधी बोलतात. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. मोठ्या पाहणीवरही शंका घेता येते. समोर सरकारी आरोग्य खात्याचं माणूस वही घेऊन बसलं आहे आणि ऑपरेशन बहुतेकींनी खाजगी दवाखान्यात केलेलं आहे. काही जणींनी ‘नाही’ म्हणून विषय संपवला असेल. दोन आकड्यांत फरक दिसला की कुठला खरा हे विचारण्याआधी, कुणी कुणाला कुठे गाठून विचारलं हे बघायचं.

आणि घराला कुलूप असेल तर? हंगामात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बीडमधल्या किती वस्त्यांवर म्हातारीकोतारी आणि शाळकरी पोरंच मागे उरतात. त्या दिवसांत पाहणी करणारा गावात गेला, ‘घर बंद’ अशी नोंद करून शेजारच्या घरात शिरला, तर त्याचा फॉर्म पूर्ण भरतो. ज्यांच्याबद्दल अभ्यास चालला आहे, त्या मात्र कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात असतात.

‘मग सगळ्यांनाच मोजा की!’ हेही ऐकू येतं. सगळ्यांना मोजायचं तर हजारो माणसं लागतात, त्यांना घाईघाईने शिकवावं लागतं आणि कंटाळून अंदाजाने रकाने भरणारेही त्यात निघतात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या क्षेत्राची पाहणी थोड्याच, पण नीट निवडलेल्या जागांवर केली होती. तिचा अंदाज सरसकट मोजणीपेक्षा स्वस्तात आला आणि व्यापाराच्या आकड्यांच्या जास्त जवळ गेला. १९५० मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, ती याच अनुभवाच्या जोरावर.

‘पिशवी काढली का?’

नमुना उत्तम निवडला आणि प्रश्नच चुकला तर? फॉर्मवर छापलेलं असतं, ‘आपली गर्भाशय उच्छेदन शस्त्रक्रिया झाली आहे काय?’ हे वाक्य वाचून दाखवलं तर समोरची बाई तुमच्या तोंडाकडे बघत राहील. गावात त्याला ‘पिशवी काढणं’ म्हणतात. त्यातही ‘ऑपरेशन झालंय’ म्हटलं तर ते बहुतेक वेळा मुलं बंद करण्याचं ऑपरेशन असतं. हा फरक न कळलेला सर्वेक्षक एकीचं दुसरीत लिहून मोकळा होतो. पुढे संगणकात टाकलं, टक्केवारी काढली, रंगीत आलेख काढले, तरी मुळातली चूक तशीच राहते. हा शब्द पुस्तकात सापडत नाही. चार बायकांजवळ बसून, त्यांचं आपसातलं बोलणं ऐकूनच तो कळतो. म्हणजे चांगल्या संख्यात्मक प्रश्नावलीचं अर्धं काम गुणात्मक असतं. आमच्या क्षेत्रात हे पुरेसं बोललं जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

माझं पहिलं क्षेत्रकाम आठवतं. फॉर्मवर घरातल्या प्रत्येकाचा ‘व्यवसाय’ असा रकाना होता. ओट्यावर सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सुनेचा व्यवसाय विचारला तर म्हणाल्या, ‘ती काय करती? घरीच असती.’ मी ‘गृहिणी’ लिहिलं. तेवढ्यात सूनबाई डोक्यावर घासाचा भारा घेऊन दारात आल्या, भारा गोठ्याशी टाकला, पदराने घाम पुसला आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेल्या. मी फॉर्मकडे बघत बसले. खोडू की राहू देऊ? सूचनापत्रिकेत लिहिलं होतं की उत्तर जसं मिळेल तसं नोंदवा.

हा घोळ देशाच्या आकड्यांतही आहे. सरकारच्या श्रमबल पाहणीनुसार १५ वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होतं, २०२३-२४ मध्ये ते ४१.७ झालं. सहा वर्षांत एवढी उडी! बायकांना खरोखर जास्त काम मिळालं, की आधी ‘घरीच असते’ म्हणून सोडलेलं काम आता नोंदवलं जाऊ लागलं, की घरात पैसा पुरेना म्हणून त्या शेतात जास्त राबू लागल्या? यावर अर्थतज्ज्ञांमध्ये वाद आहेत. वाढीचा मोठा वाटा स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात काम करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांचा आहे, एवढं दिसतं. त्यापुढचं उत्तर हवं असेल तर त्या ओट्यावर जाऊन बसावं लागेल.

‘मुलाखती म्हणजे नुसत्या गप्पा’

हा आक्षेप मी परीक्षकांच्या तोंडूनही ऐकला आहे. गप्पा आणि मुलाखत बाहेरून सारख्या दिसतात, हे मान्य. फरक आधी आणि नंतरच्या कामात असतो. कुणाशी बोलायचं हे विचार करून ठरवायचं. ऑपरेशन झालेली, न झालेली, डॉक्टरने सांगूनही न केलेली, करून पस्तावलेली, करून सुटले म्हणणारी, अशा सगळ्यांशी बोलायचं. शक्यतो त्याच रात्री टिपणं उतरवायची, कारण दुसऱ्या दिवशी तिचे शब्द जातात आणि आपले शब्द त्यांच्या जागी येऊन बसतात. मग टिपणं पुन्हा पुन्हा वाचून कुठल्या गोष्टी वारंवार येतात ते खुणा करून वेगळं काढायचं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपल्या समजुतीला तडा देणारी मुलाखत मुद्दाम शोधायची. नव्या मुलाखतीत नवं काही सापडेनासं झालं की थांबायचं.

टिपणांचं मोल काय असतं हे समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या बाबतीत दिसलं. १९४८ मध्ये ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहिले होते. १९७० मध्ये अमेरिकेत ते काम करत होते त्या संस्थेला आग लागली आणि वर्षानुवर्षं मेहनत घेऊन लावलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. पुढे त्यांनी आठवणीतून त्या गावावर लिहिलं, ते गाजलंही. पण आज मी विद्यार्थ्यांना सांगते की तुमच्या टिपणांची एक प्रत कायम दुसऱ्या जागी ठेवा.

आता बीडच्या बायका काय सांगतात ते बघा. पत्रकार, कार्यकर्ते आणि अभ्यासकांनी त्यांच्याशी केलेल्या बोलण्यातून काही गोष्टी परत परत येतात. तळावरच्या झोपडीला, म्हणजे कोपीला, ना न्हाणी ना संडास. पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहायच्या. अंगावरून जायला लागतं, ओटीपोट दुखतं. दवाखान्यात जायचं तर खाडा. हंगाम संपेपर्यंत दुखणं अंगावर काढायचं, गावी परत आल्यावर खाजगी डॉक्टर गाठायचा, तो म्हणतो पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल. मुलं तर झालेली असतात. मग ऑपरेशनसाठी पैसे उसने घ्यायचे आणि ते फेडायला पुन्हा उचल.

१७ टक्के या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही. आणि ही साखळी कळली नाही तर उपाय चुकतो. मुकादमच सक्ती करतो असं मानलं तर मुकादमावर कायदा करायचा. डॉक्टर घाबरवतो असं असेल तर दवाखान्यांवर नजर ठेवायची. बीडमध्ये पुढे अशा ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असं ठरलं, ते याच समजुतीतून. मूळ कारण खाड्यात आणि न्हाणी-संडास नसण्यात असेल तर कारखान्याच्या दारात जावं लागेल. सुरुवातीच्या मथळ्यांनी सगळा भर मुकादमाच्या सक्तीवर दिला होता. मला ते अपुरं वाटतं. एकाच माणसाला दोषी धरलं की बाकीच्यांना हात झटकता येतात.

लोक खरं सांगतात का?

नेहमी नाही. पण खोटं हा शब्द जरा जपून वापरावा. बोलताना कोण ऐकतंय यावर माणसाचं उत्तर ठरतं. मुकादम दोन कोपी पलीकडे तंबाखू मळत बसला असेल तर ‘काही त्रास नाही, सगळं बरं आहे’ हेच उत्तर येणार. सासू शेजारी असेल तर वेगळं, एकटी पाण्याला निघाली असेल तर वेगळं. आकड्यांच्या पाहणीत हा फरक कुठेच दिसत नाही, दोन्ही उत्तरांपुढे सारखीच बरोबरची खूण पडते. म्हणून उत्तराबरोबर त्या वेळी जवळ कोण होतं तेही लिहून ठेवायचं. नाव बदलणं एवढीच गुप्तता पुरत नाही. ‘तीन मुली असलेली, दीर मुकादम असलेली बाई’ असं छापलं की अख्खं गाव तिला ओळखतं, आणि पुढच्या हंगामात तिला उचल मिळत नाही.

ऊसतोडीमुळेच, हे कशावरून?

इथे आकड्यांच्या पद्धतीची खरी ताकद दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या २.६ टक्के बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं होतं, देशात ३.२ टक्के. त्याशेजारी १७ ठेवला की छातीत धस्स होतं. तरी लगेच निष्कर्ष काढू नये. राज्याच्या आकड्यात १५-१६ वर्षांच्या मुलीही आहेत, शहरातल्या बायकाही आहेत. ऊसतोड बायकांची लग्नं लवकर होतात, बाळंतपणंही लवकर होतात. सरकारी दवाखाना लांब आणि खाजगी जवळ, ही अडचण त्याच गावातल्या ऊसतोडीला न जाणाऱ्या बायकांनाही असते. मग ही ऑपरेशनं ऊसतोडीमुळे, लवकरच्या लग्नामुळे की त्या भागातल्या डॉक्टरांमुळे?

शोधायचं तर त्याच गावांतल्या, त्याच वयाच्या, तेवढीच मुलं असलेल्या, पण ऊस तोडायला न जाणाऱ्या बायका घ्यायच्या आणि दोन्हीकडचं प्रमाण ताडून बघायचं. फरक उरला तर तो ऊसतोडीच्या खात्यावर टाकायला आधार मिळतो. दोन गोष्टी एकत्र आढळल्या याला सहसंबंध म्हणतात. एकीमुळे दुसरी घडते हे दाखवायला अशी तुलना लागते. मुलाखती कितीही हृदयाला भिडल्या तरी हे काम त्यांच्याने होत नाही. त्रास झालेली प्रत्येक बाई ऊसतोडीला दोष देईल, त्रास न झालेल्या ऊसतोड बायका तुमच्यासमोर येणारच नाहीत.

मग दोन्ही पद्धती वापरल्या की झालं?

क्रम महत्त्वाचा. माझा अनुभव असा की आधी ऐकावं, मग मोजावं आणि मोजून झाल्यावर विचित्र दिसलेल्या ठिकाणी पुन्हा ऐकायला जावं. एका गावात प्रमाण ३० आणि शेजारच्या गावात ५ निघालं, तर त्या पाचाच्या गावात जायचं. तिथे चांगली नर्स आहे? तिथल्या ऊसतोड टोळ्या दुसऱ्या कारखान्याला जातात? बहुतेक प्रबंधांत मात्र शेवटी तोंडी लावायला चार मुलाखती जोडलेल्या असतात.

विद्यार्थ्यांना एक मनापासून सांगायचं आहे. गणिताची भीती वाटते म्हणून कुणी गुणात्मक पद्धत घेऊ नये, आणि अनोळखी माणसाच्या दारात उभं राहायची लाज वाटते म्हणून घरबसल्या आकड्यांत शिरू नये. टक्केवारी, सरासरी, नमुन्यातली चूक एवढं दहावीच्या गणितावर येतं. दारात उभं राहणंही सवयीने जमतं. पहिल्या दिवशी सगळ्यांचाच आवाज बसतो.

फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसं मोजायला प्रगणक निघतील तेव्हा गळीत हंगाम चालू असेल. माणूस जिथे सापडेल तिथे मोजायचं, हा जनगणनेचा नियम आहे. म्हणजे कुणीतरी शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका संध्याकाळी कारखान्याच्या तळावरच्या कोपीपुढे उभी राहील. दिवसभर फडात राबलेली बाई चुलीला जाळ घालत असेल. बाहेर बाजेवर नवरा बसलेला असेल आणि घरातल्या सगळ्यांची माहिती तोच सांगू लागेल. बायकोच्या कामाचा रकाना आला की त्या सेविकेने एक पाऊल आत टाकून चुलीपाशी बसलेल्या बाईलाच विचारावं, ‘ताई, तुम्ही काय काम करता?’